दारातली अखंड फरशी

मित्रांनो, लोक आपली ओळख मान वर करून देतात. मी मान खाली घालून देते. फरशीला मान कुठून आली, असं तुम्ही विचाराल. खरं आहे, पण लाज वाटायला मान लागतेच असं नाही. मी एका जुन्या घरातल्या बाथरूमची फरशी. कोपऱ्यातली किंवा नळाखालची नव्हे, अगदी दारातली. आत येणाऱ्याचं पहिलं पाऊल माझ्यावर पडायचं आणि पहिलं कौतुकही माझ्याच वाट्याला यायचं. त्या कौतुकानंच माझी सगळी पंचाईत केली.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. सिमेंट, राखाडी-हिरवा रंग आणि संगमरवराच्या बारीक चिपा एकत्र कालवून लोखंडी साच्यात भरल्या, वरून यंत्रानं दाब दिला आणि मी चौकोनी होऊन बाहेर पडले. नंतर आम्हा सगळ्या बहिणींना पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलं. आमची जात पाण्यात मुरूनच घट्ट होते. शेवटी घासून घासून आम्हाला चकाकी आणली. माझ्या एका कोपऱ्यात काळी चीप आली होती, गालावर तीळ असावा तशी. घासणारा कामगार शेजारच्याला म्हणाला, "ही बघ, काय देखणी निघाली!" झालं, तेव्हापासून माझ्या डोक्यात हवा गेली.

आम्ही ज्या घरी आलो ते घर तेव्हाही जुनंच होतं. बाथरूमची जमीन साध्या सिमेंटची होती आणि तिचे जागोजागी पोपडे निघाले होते. घरात नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून होती. तिला मी ताई म्हणते, कारण तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा. या भावानं शाळा अर्ध्यावर सोडली होती आणि एका गवंड्याच्या हाताखाली फरशी बसवायला शिकला होता. अंगानं काटकुळा, उंच आणि चालायचा अगदी ताठ. भिंत सरळ आहे की नाही ते पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, त्या ओळंब्यावरून मित्रांनी त्याचं नावच ओळंबा ठेवलं होतं. ताई मात्र त्याला बाळ्या म्हणायची.

ताईचे यजमान भले होते, पण जिभेला धार होती. बाथरूमचं काम बाळ्याला द्यायचं असं ताईनं म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "मेहुण्यांना वहीत तरी सरळ रेघ मारता यायची का?"

ताईचा चेहरा उतरला, पण ती मागे हटली नाही. "माझा भाऊ आहे. काम वाईट झालं तर मला बोला," म्हणाली.

बाळ्यानं एकट्यानं हातात घेतलेलं हे पहिलं काम होतं. त्यानं गठ्ठ्यातून आम्हाला एकेक करून उजेडात धरलं आणि माझ्यापाशी थांबला. "ही दारात," तो म्हणाला. "ताईच्या दारात तुकडा नको. अख्खी फरशी हवी."

मित्रांनो, तुम्हाला फरशीकामातलं कळत नसेल, म्हणून सांगते. बाथरूमची फरशी नेहमी जाळीपासून बसवत येतात, म्हणजे जिथून पाणी बाहेर जातं तिथून. जाळी सगळ्यांत खाली आणि दार सगळ्यांत वर. दारापाशी येईपर्यंत जागा कमी पडली तर तिथली फरशी कापावी लागते, आणि तो तुकडा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरतो. बाळ्याला ते नको होतं. त्यानं सुरुवातच दारापासून केली. मला हातोडीच्या दांड्यानं ठोकून ठोकून छान बसवलं आणि बाकीच्यांना माझ्या मागे ओळीनं लावत आत गेला. जाळीपाशी पोहोचल्यावर लक्षात आलं की जुन्या नळीचं तोंड अर्धा बोट उंचच आहे. घर जुनं, नळी भिंतीत पक्की. खाली घेता येईना. मग त्यानं मागच्या फरश्यांखाली सिमेंट-वाळूचा माल वाढवला, त्यांना जाळीच्या तोंडाला भिडवलं आणि कापलेले तुकडे तिकडे कोपऱ्यात लपवले. उभं राहून पाहिलं तर सगळं सपाट दिसत होतं. सांधे सरळ, रंग एकसारखा आणि दारात मी. ताईनं हात जोडूनच घेतले छातीशी. "बाळ्या, किती सुंदर!" ती म्हणाली.

माल ओला होता म्हणून त्या दिवशी पाणी ओतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला दुसरीकडे काम मिळालं आणि तो शीळ घालत गेला.

जमीन वाळल्यावर पहिली आंघोळ ताईनं केली. पाणी जाळीकडे जाईल म्हणून ती पाहत राहिली आणि पाणी तिच्या पावलांवरून उलटं वळून दाराकडे आलं. उंबरठ्याला अडलं आणि माझ्यावर तळं करून उभं राहिलं. ताई कितीतरी वेळ तशीच ओलेत्यानं उभी होती. मग तिनं फडकं घेतलं, उकिडवी बसली आणि सगळं पाणी टिपून, पिळून जाळीत टाकलं. मी लख्ख कोरडी झाले. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, पण मला मात्र तिच्याकडे पाहवेना.

तुम्ही म्हणाल, त्यात तुझा काय दोष? तू तर नुसती पडून होतीस. हे मीही स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलंय. पण मला अख्खी ठेवायची म्हणून सगळ्या जमिनीचा उतार फिरला, हे काही केल्या विसरता येत नाही. देखणेपणाची मला तेव्हाच किळस आली.

ताईनं कुणालाच काही सांगितलं नाही. नवऱ्याला सांगावं तर भावाचं हसू होणार. भावाला सांगावं तर त्याचा धीर खचणार. आत्ता कुठे पोरगं उभं राहत होतं. मग तिनं स्वतःला एक सवय लावून घेतली. सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत थांबायची, प्रत्येकाच्या मागून पाणी टिपायची आणि स्वतः शेवटी जायची. पुढे फडक्याच्या जागी रबरी पट्टीचा वायपर आला. एकदा यजमानांचा मोजा भिजला तेव्हा ते ओरडले, "इथं पाणी कसं आलं?" ताई पटकन म्हणाली, "माझ्या हातून बादली कलंडली." त्यानंतर त्या घरात बिचाऱ्या बादलीवर फार आळ आले. बादली मात्र एकदाही कलंडली नव्हती.

यजमानांना कळलं होतं की नाही, हे मला नक्की सांगता येणार नाही. पण एकदा ताई माहेरी गेली होती तेव्हा मी त्यांना पाहिलं. आंघोळ झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं, वायपर उचलला आणि निमूटपणे पाणी ओढलं. ताई परत आल्यावर अवाक्षर काढलं नाही. त्या दिवसापासून मेहुण्यांच्या रेघेची थट्टाही बंद झाली. आता ते नाहीत. त्यांची आठवण आली की मला तो पाठमोरा, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेला माणूसच दिसतो.

बाळ्याचा हात मात्र पुढे खरोखर बसला. इतर ठिकाणी दारात अख्खी फरशी लावण्याचा हट्ट कशाला करेल तो? तिथे रीतसर जाळीपासून सुरुवात करायचा. त्याची कामं नावाजली गेली. हळूहळू लोक त्याला दुसऱ्यांची कामं तपासायलाही न्यायला लागले. कुणी जुनं घर घ्यायला निघालं की म्हणायचं, आधी ओळंब्याला दाखवा. आणि हा शहाणा काय करायचा, तर अशा लोकांना घेऊन आधी इथे यायचा. फरशीकाम कसं असावं ते दाखवायला!

तो यायचा आहे असं कळलं की ताईची धांदल उडायची. वायपर मारून, वर कोरडं फडकं फिरवून ती आम्हाला चकाचक करून ठेवायची. मग बाळ्या चपला काढून दारात बसायचा, माझ्यावर तळवा फिरवायचा आणि लोकांना समजावायचा. "आधी दार बघायचं. ही बघा, अख्खी. तुकडा नाही. मग नखानं सांधा चाचपायचा. एक फरशी वर, एक खाली अशी ठेच लागता कामा नये. मग दांड्यानं ठोकायचं. भरीव असली तर आवाज मुका येतो, खाली पोकळ असली की टणटण वाजते. आणि सगळ्यांत शेवटी पाणी. कोरडी फरशी सगळीच शहाणी दिसते हो. बादलीभर ओता, मग कळतं."

"मग ओतूया का?" एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थानं विचारलं.

ताई चहाचे कप घेऊन येत होती, ती जागच्या जागी थांबली. बाळ्या हसला. "इथं कशाला? हे माझ्या हातचं आहे. ताईला विचारा. काय गं ताई, कधी तक्रार आहे?"

"छे," ताई म्हणाली. "पाणी कसं झरझर जातं."

गृहस्थांनी मान डोलावली. सगळ्यांनी माझी तारीफ केली. मित्रांनो, कुणी शिव्या दिल्या की माणूस उलटून बोलू तरी शकतो. खोट्या कौतुकापुढे काय करणार? मला वाटत होतं, उभी चिरफळी पडावी आणि मोकळं व्हावं. पण हौदात मुरलेली मी. साधा तडासुद्धा गेला नाही.

ताईला एक मुलगी आहे. तिला लहानपणापासून वाटायचं की आंघोळ झाल्यावर वायपर मारणं हा आंघोळीचाच भाग असतो. पहिल्यांदा मैत्रिणीकडे राहायला गेली तेव्हा तिनं तिथंही वायपर शोधला आणि सगळे हसले. घरी येऊन तिनं आईला विचारलं, "आपल्याकडचंच पाणी वेडं आहे का गं?" ताईनं तेव्हा तिला शपथ घातली, मामाला कधी सांगायचं नाही. लेकीनं शब्द पाळला. पण आईचे गुडघे दुखायला लागले, हात भिंतीचा आधार शोधायला लागला, तशी लेकीच्या कपाळावर आठी दिसायला लागली. मागच्या थंडीत ताईचा पाय माझ्यावरून सरकला. नळ हाताशी आला म्हणून बचावली. मनगट सुजलं ते तिनं पदराखाली झाकलं. त्या दिवसापासून कुणाचं पाऊल पडलं की मला धडकी भरायची.

लेकीनं यंदा स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं. तिला आवडलं ते एक जुनंच घर. खोल्या प्रशस्त, भरपूर उजेड, आणि आईच्या घरापासून चालत येण्याजोगं. मामाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणून ती त्याला घेऊन गेली. दोघं परत आली ती भांडतच. बाथरूमच्या समोरच जेवणाची खोली आहे, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"ते घर घ्यायचं नाही," मामा म्हणाला. "बाथरूम बघितलंस? पाणी दाराकडे येतंय, दाराकडे! असलं काम करणाऱ्याच्या हातात थापी देऊ नये. ज्याला पाणी कुठं जाईल हे कळत नाही, त्यानं बाकीचं घर काय डोंबलाचं बांधलं असेल?"

"एवढ्यासाठी अख्खं घर सोडायचं?"

"एवढ्यासाठी? अगं, त्या घरच्या बाईचा विचार कर. जन्मभर पाणी उपसत बसली असेल बिचारी. तिला विचार एवढं का तेवढं ते!"

ताई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"मामा," लेक म्हणाली. तिचा आवाज विचित्र झाला होता. "मग आपल्या बाथरूमला काय म्हणशील?"

"अगं गप्प," ताई म्हणाली. "काहीतरीच बोलते."

"आपल्या?" मामा हसला. "ते तर माझ्या..." आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. त्यानं लेकीकडे पाहिलं. ती रडत होती. ताईकडे पाहिलं, तर ती भाजीकडे बघत होती. तो उठला आणि दारात आला. नळ सोडून बादली भरायला लागला.

ताई लगबगीनं आली. तिनं बादलीच्या कडीवर हात ठेवला. "आत्ताच पुसलंय रे. कशाला उगाच ओलं करतोस? चल, चहा घे."

"ताई, सोड."

"बाळ्या, राहू दे ना."

"सोड म्हणतो ना."

त्यानं पाणी ओतलं. जाळीपाशी ओतलं, मुद्दाम. पाणी क्षणभर तिथं रेंगाळलं आणि निघालं. एकेका सांध्यावरून, घाई न करता, ओळखीच्या वाटेनं आलं आणि माझ्यावर येऊन थांबलं. मामाची पावलं त्यात होती. बोटं भिजली तरी तो हलला नाही.

नंतर त्यानं जे केलं ते मला कधी विसरता येणार नाही. तो खाली बसला आणि परक्याचं काम तपासावं तसं आम्हाला तपासायला लागला. पिशवीतल्या हातोडीच्या दांड्यानं एकेक फरशी ठोकली. मागची ओळ टणटण वाजली. "पोकळ," तो म्हणाला. कोपऱ्यातल्या तुकड्यांवर नख फिरवलं. "ठेच लागते." शेवटी माझ्यापाशी आला, मला ठोकलं. माझा आवाज मुका आला, भरीव. "ही चांगली बसवलीय," तो म्हणाला. "हिच्यासाठी बाकीचं सगळं बिघडवलंय." अगदी हेच मी इतकी वर्षं मनात म्हणत होते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते ऐकताना मात्र पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं, आणि मी तर स्वतःच जमीन.

"तू सांगितलं का नाहीस?" त्यानं वर न बघता विचारलं.

"तू किती खूश होतास रे," ताई म्हणाली. "आणि मग... मग उशीर झाला. रोज वाटायचं आज सांगू. तू कुणाला तरी घेऊन यायचास आणि राहून जायचं."

"लोकांच्या घरात जाऊन मी मोठ्या तोंडानं सांगत फिरलो, पाणी ओतून बघा. आणि माझ्या बहिणीच्या घरी एक बादली ओतली नाही मी." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "लाज वाटते गं ताई. काम चुकलं त्याची नाही एवढी. तू पुसत राहिलीस, त्याची."

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ती मामाशेजारी ओल्यातच बसली. कुणीच वायपर उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा छिन्नी-हातोडी घेऊन आला. मला काढल्याशिवाय उतार मिळणार नव्हता. छिन्नी माझ्या कडेला लावली, पण हातोडी काही उठेना. ताई दारात उभी होती. मला वाटलं, आता ती म्हणेल, राहू दे. ती म्हणाली, "हाण. आणि या खेपेला जाळीपासून धर." तिनं त्याला अशा आवाजात काही सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पहिल्या घावातच माझे दोन तुकडे झाले. खरं सांगू? दुखलं नाही.

माझे तुकडे बाहेर भिंतीशी टेकवून ठेवले होते, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं. मामानं या खेपेला भिंतच फोडून जुनी नळी खाली घेतली, जाळी बसवली आणि तिथून ओळी लावत दाराकडे आला. दारात जागा कमी पडली. त्यानं नवी फरशी कापली आणि तो तुकडा दारातच, सगळ्यांना दिसेल असा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः बाहेर उभा राहिला, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा. ताईनं तांब्यानं हळूहळू पाणी सोडलं.

पाणी जाळीकडे निघालं. झरझर. लेकीनं टाळ्या वाजवल्या. मामाच्या चेहऱ्यावर उजेड पसरला, अगदी तोच, पहिल्या दिवशीचा. ताईनं तो पाहिला. मग ती वाकली. नळाखालच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी साचून राहिलं होतं, कुणाच्या लक्षातही आलं नसतं इतकं. ताईनं पुन्हा एकदा भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझा जीव तुकड्यांत गोळा झाला. मी मनातल्या मनात ओरडले, ताई, बोल!

"बाळ्या," ताई म्हणाली, "इथं थोडं राहतंय रे."

मामा धावतच आत आला, गुडघे टेकले, कोपऱ्यात बोट बुडवून पाहिलं. "हो की गं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसतही होता. खालचा माल अजून पुरता धरला नव्हता. त्यानं थापीच्या टोकानं फरशी अलगद उचलली, खालचा माल खरवडला आणि पुन्हा बसवली. चहा निवायच्या आत काम झालं.

लेक ते जुनं घर घेणार आहे. तिथलं बाथरूम मामाच करणार. मी उद्या-परवा इतर राडारोड्याबरोबर गाडीत जाईन, कुठल्या तरी खड्ड्यात भर म्हणून पडेन. माझं काही वाईट वाटून घेऊ नका. लाज अजून गेलेली नाही माझी, ती माझ्याबरोबरच जाईल. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, मित्रांनो. घरातल्या फरशीवर पाणी साचू देऊ नका, म्हाताऱ्या माणसांचे पाय त्यावर पडतात. आणि आपल्या माणसाचं काही चुकलं, तर त्याच्या मागे गुपचूप पुसत बसू नका. माल ओला आहे तोवर त्याला सांगा.